पोटाचा आजार आणि कोरोनाचा हिशेब



काही आजार पाहुण्यांसमोर सांगता येतात. शुगर, बीपी, गुडघेदुखी यांवर तर लग्नाच्या मांडवातही गप्पा रंगतात. पण दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावे लागते, शौचातून रक्त पडते, हे कोण कोणाला सांगणार? आमच्या घरात हा आजार 2016 पासून आहे. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाला आहे. त्याला विचारून लिहिते आहे, नाव तेवढे लिहीत नाही. तो मला मोठी आई म्हणतो, तेव्हा त्याची काळजी अर्धी माझीच.

आजाराचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. याचाच भाऊबंद म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. दोघांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. बायका याची गल्लत आयबीएसशी करतात. त्यात पोट बिघडते, पण आतड्याला जखमा होत नाहीत. आपल्याकडे आतड्याचा टीबीही पुष्कळ आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून आधी त्याची शंका फेडून घ्यावी लागते. आमच्या पोराच्या निदानातच सात-आठ महिने गेले. तोवर कोणी मूळव्याध म्हटले, कोणी उष्णता म्हटली, कोणी नजर काढली.

हा आजार का होतो, हे डॉक्टरांनी मला सोपे करून सांगितले होते. शरीराचा पहारेकरी बाहेरच्या चोराला सोडून घरातल्याच भांड्यांवर काठ्या मारत सुटतो. म्हणून औषध असे द्यायचे की त्या पहारेकऱ्याचा हात जरा आवरला जाईल. मेसालामाइन सूज उतरवते. अझाथायोप्रिन प्रतिकारशक्तीला लगाम घालते. आजार फारच भडकला तर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. आणि त्यानेही भागले नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने. आमचा मुलगा पहिल्या दोन औषधांवर छान चालला होता. 2019 च्या दिवाळीत सगळ्यांबरोबर बसून जेवला, तेव्हा जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते.

आणि मग आला मार्च 2020.

9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, 22 तारखेला जनता कर्फ्यू आणि 25 पासून सगळा देश बंद. नेवाशात पैस खांबाच्या मंदिराकडे येणारी माणसे थांबली, फाट्यावर दिवसरात्र असणारी वाहनांची रांग नाहीशी झाली. पण आमचे दुकान किराणा-भुसाराचे. अत्यावश्यक म्हणून ते उघडे. लोक तोंडाला उपरणे बांधून यायचे आणि साखर-तेलासाठी काउंटरवर ओणवे व्हायचे. आपल्या साधू-साध्वींची मुहपत्ती पाहून हसणारी मंडळीही त्या दिवसांत तोंड बांधून फिरू लागली, एवढी एक गंमत त्या काळात होती.

टीव्हीवर एकच शब्द घुमत होता, इम्युनिटी. ज्याची इम्युनिटी चांगली तो वाचेल, ज्याची कमी तो जाईल. आणि आमच्या घरात एक मुलगा रोज सकाळी इम्युनिटी कमी करणारी गोळी घेत होता.

तुम्हीच सांगा, त्या घरात काय चालले असेल! जाऊबाई म्हणायच्या, ती गोळी आधी बंद करा, जगला तर पोटाचे बघू. दीर म्हणायचे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सूनबाई बिचारी दोघांच्या मध्ये. शेजारचे एक काका रोज ओट्यावर उभे राहून सांगायचे, असल्या पेशंटला कोरोना हमखास धरतो. आणि ज्याच्याबद्दल हे चालले होते, तो चौतिशीचा मुलगा गप्प बसून ऐकायचा.

त्याचे डॉक्टर तेव्हाच्या औरंगाबादला. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास हवा. पण बरोबर 25 मार्चलाच सरकारने फोनवरून औषधोपचार करण्याचे नियम जाहीर केले होते, त्याचा आम्हाला फार उपयोग झाला. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही सहा जण भोवती बसलो. मी वही घेऊन बसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली, पण ऐकलेले लिहून घ्यायची आणि जमा-खर्च वेगळे मांडायची सवय गेलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. याला कोरोना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे का, हा एक. आणि झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत आणि दोन्ही आत्ता कच्ची आहेत. पण एक गोष्ट पक्की आहे. औषध बंद केले आणि आजार भडकला, तर मला स्टेरॉइड द्यावे लागेल, कदाचित दवाखान्यात ठेवावे लागेल. आजच्या घडीला या दोन्ही गोष्टी मला नको आहेत.

मी वहीत दोन रकाने पाडले. पुढची दोन वर्षे मी त्या दोन रकान्यांतच लिहीत गेले.

पहिला रकाना, लागण होण्याचा. हळूहळू निरनिराळ्या देशांतल्या नोंदी येऊ लागल्या. माझी मुलगी पुण्याहून फोनवर वाचून दाखवायची. त्यांतून निघाले ते असे, की आयबीडी असलेल्यांना कोरोनाची लागण इतर लोकांइतकीच होत होती, जास्त नाही. हे ऐकून मी शेजारच्या काकांचे हमखास वहीतून खोडले. लागण ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. माणूस किती लोकांत वावरतो, किती वेळ, खोलीला खिडकी आहे की नाही. म्हणजे आमच्या मुलाला खरा धोका होता तो दुकानाच्या काउंटरचा!

दुसऱ्याच दिवशी त्याची जागा बदलली. तो घराच्या वरच्या खोलीत बसून फोनवर याद्या लिहून घ्यायचा आणि हिशेब बघायचा, माल दीर आणि गडी बांधायचे. त्याला ते आवडले नाही. आजारी म्हणून बाजूला बसवले, असे त्याला वाटायचे. मी म्हटले, बाबा, तिजोरी कोणी दारात ठेवतो का? हसला आणि गेला वर.

दुसरा रकाना, गंभीर होण्याचा. यासाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या आणि न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईमधल्या डॉक्टरांनी मार्च 2020 मध्येच एक जागतिक नोंदवही उघडली होती. नाव सिक्युअर-आयबीडी. जगातल्या कोणत्याही डॉक्टरने आपल्या आयबीडीच्या रुग्णाला कोरोना झाला की त्याची माहिती नाव न लिहिता तिथे भरायची. पहिला हिशेब बाहेर आला तो 33 देशांतल्या 525 रुग्णांचा. त्यांतल्या साधारण 7 टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला, म्हणजे आयसीयू, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू. 16 जण गेले, म्हणजे 3 टक्के.

इथे आकडे वाचायची एक गोष्ट सांगते, कारण पुष्कळ जण तिथे फसतात. या वहीत फक्त लागण झालेलेच आहेत. ज्यांना झालीच नाही ते हजारो लोक यात नाहीत. म्हणजे छेदात कोण आहे ते पाहिल्याशिवाय टक्का वाचू नये. शंभर आयबीडीवाल्यांतले सात गंभीर होतात, असा याचा अर्थ नव्हे. शिवाय दवाखान्यापर्यंत पोचलेले रुग्ण नोंदले जातात, घरात सर्दी होऊन बरे झालेले राहून जातात.

पण या वहीने कोणाला जास्त जपायला हवे, हे दाखवले. वय जसजसे वाढते तसतसा धोका वाढतो. दोन किंवा जास्त जोडआजार असले की वाढतो. आणि जे रुग्ण त्या वेळी स्टेरॉइडवर होते, त्यांच्यात गंभीर आजाराची शक्यता जवळपास सातपट दिसली. उलट ज्या महागड्या इंजेक्शनांची लोकांना सगळ्यात जास्त धास्ती होती, त्यांचा तसा काही वाईट परिणाम दिसला नाही.

आमच्या मुलाची गोळी मात्र मधल्या जागी निघाली. पुढे 47 देशांतल्या 1,439 रुग्णांचा हिशेब आला. त्यात अझाथायोप्रिनच्या जातीच्या औषधांवर असलेल्यांत गंभीर आजार इंजेक्शनवाल्यांपेक्षा जास्त आढळला. हे ऐकून घरात पुन्हा तोच वाद. पुन्हा फोन. डॉक्टर म्हणाले, मीही वाचले आहे. पण हा वयाने लहान, साखर नाही, बीपी नाही, आजार शांत आहे. तो शांत आहे तो या गोळीमुळे. गोळी काढली आणि भडका उडाला की मी त्याला थेट स्टेरॉइडच्या रांगेत नेऊन बसवणार. म्हणून गोळी चालू. कोरोना झालाच तर त्या दिवशी मला फोन करा, तेव्हा थांबवू.

मला हे बोलणे फार पटले. आपण प्रवचनात ऐकतो ना, एकच गोष्ट एका अपेक्षेने अशी असते आणि दुसऱ्या अपेक्षेने तशी. औषध धोक्याचे आहे का? आहे. औषध सोडणे धोक्याचे आहे का? तेही आहे, आणि जास्त आहे. कोणाच्या बाबतीत, कोणत्या वेळी, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

आता माझ्या खात्याकडे वळते, म्हणजे स्वयंपाकघराकडे.

त्या वर्षी घरोघरी काढा उकळत होता. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका, अशी आयुष मंत्रालयाची यादी होती. आमच्याकडेही सकाळी पातेले चढायचे. पण त्या मुलाला मिरी-सुंठीचा घोट गेला की दुपारी पोट कळ मारायचे. त्याच्यापुरता काढा आम्ही बंद केला. हळदीच्या दुधाचेही तसेच, आजार जागा असताना त्याला दूध सोसत नाही. नातेवाइकांनी गुळवेलीच्या गोळ्या पाठवल्या होत्या. डॉक्टरांनी त्या स्पष्ट नाही म्हटल्या. पहारेकरी आधीच बिथरलेला आहे, त्याच्या हातात आणखी एक काठी कशाला? शिवाय अझाथायोप्रिन घेणाऱ्याच्या लिव्हरवर तसेही लक्ष ठेवावे लागते. पुढे 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हते. त्या वादात मी पडत नाही. ज्याच्या पोटात आधीच दोन औषधे आहेत त्याला तिसरे डॉक्टरांना विचारूनच द्यावे, एवढे मात्र प्रत्येक बाईने लक्षात ठेवावे.

आपल्या घरच्या काही सवयी उलट आयत्याच कामी आल्या. उकळलेले पाणी आम्ही पितोच. सूर्यास्ताआधी जेवण होते, त्यामुळे रात्री पोटाला विश्रांती मिळते. आतड्याच्या रुग्णाला दुसरीकडे बटाटा, गाजर मऊ शिजवून देतात. आम्ही कंदमूळ खात नाही, तर कच्चे केळे उकडून, दुधी आणि लाल भोपळा साल-बिया काढून द्यायचो. मुगाच्या डाळीचे पातळ वरण, मऊ भात, सोसेल तेव्हा ताजे ताक. पोट नाराज असेल त्या दिवशी भाताची पेज आणि किंचित मीठ. चव नाही म्हणून तो कुरकुर करायचा, तर सूनबाई जिऱ्याची फोडणी तेवढी द्यायची.

2020 चे पर्युषण घरातच झाले. स्थानके, मंदिरे बंद. दरवर्षी एखादा तरी उपवास करणारा हा मुलगा म्हणाला, यंदा घरीच आहे तर अठ्ठाई करतो. आठ दिवस नुसत्या पाण्यावर! सकाळच्या गोळ्या कशाबरोबर घेणार? रक्त आधीच कमी. आम्ही साध्वीजींना फोनवरून विचारले. त्यांनी त्याला समजावले की तप बारा प्रकारचे सांगितले आहे आणि अनशन त्यातला एक प्रकार आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे ही उणोदरी, तेही तप. स्वाध्याय हे तप. आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावच्च, हेही तपच. ज्याचे शरीर औषधावर उभे आहे त्याने शरीराला अशी शिक्षा करू नये. त्याने आठ दिवस वरच्या खोलीत दोन्ही वेळ प्रतिक्रमण केले आणि गोडाचा त्याग केला. मला वाटते, त्याला उपवासापेक्षा ते अवघड गेले असेल.

पहिली लाट अशी गेली. दुसरीने मात्र घर गाठले.

एप्रिल 2021. आधी गड्याला ताप आला, मग दिरांना, मग मुलाला. दोघांच्या तपासण्या एकाच दिवशी आल्या, दोन्ही पॉझिटिव्ह. मुलाला ताप, जेवणाला चव नाही, आणि जुलाब. आता हे जुलाब कोरोनाचे की कोलायटिसचे? कोरोनाचा विषाणू ज्या कडीला धरून पेशीत शिरतो ती कडी आतड्यातही भरपूर असते, त्यामुळे साध्या निरोगी माणसालाही कोरोनात जुलाब होतात. डॉक्टरांनी विचारले, रक्त आहे का? रात्री झोपेतून उठावे लागते का? नाही. म्हणजे भडका नसावा. मेसालामाइन चालू ठेवा, अझाथायोप्रिन आजपासून थांबवा.

खरी अडचण निघाली ती संडासची. कोविड सेंटरवर चौकशी केली तर एका मोठ्या खोलीत सगळे आणि बाहेर मोजके संडास, तेही सामाईक. ज्याला कळ आली की दोन मिनिटे धीर निघत नाही, तो तिथे रांगेत उभा राहणार? त्या मुलाला कोरोनापेक्षा याचीच भीती जास्त होती, आणि हे तो कोणाला बोलूनही दाखवू शकत नव्हता. डॉक्टरांनी ऑक्सिजन नीट असेपर्यंत घरी ठेवायला हरकत नाही म्हटले. वरच्या खोलीला लागून संडास आहे, तो एकट्या त्याला दिला. विषाणूचे अंश शौचातही सापडतात असे वाचले होते, म्हणून झाकण लावून फ्लश, रोज हायपोक्लोराइटने धुणे, खिडकी कायम उघडी. जेवण पायरीवर ठेवायचे. सहा-सहा तासांनी ऑक्सिजन, ताप आणि शौचाची संख्या तो फोनवर सांगायचा आणि मी वहीत लिहायचे. शौचाची संख्या लिहिणारी मोठी आई, असे चिडवतो तो मला अजून!

त्याचा ताप पाचव्या दिवशी उतरला. ऑक्सिजन 96 च्या खाली एकदाही आला नाही.

दिरांचा सातव्या दिवशी 88 वर आला.

ज्याच्यासाठी आम्ही वर्षभर जीव मुठीत धरून बसलो होतो तो वर खोलीत पेज पीत होता, आणि आतड्याचा कसलाही आजार नसलेले, एकसष्टीचे, साखर असलेले दीर नगरला ऑक्सिजनवर गेले. एप्रिलचे ते दिवस आठवा. बेड मिळवायला किती फोन करावे लागत होते! नऊ दिवस ते तिथे होते. त्यांना डेक्सामेथासोन दिले, म्हणजे स्टेरॉइडच. ऐकून जाऊबाई फोनवर रडायलाच लागल्या, म्हणाल्या हेच तर नको म्हणत होते ना सगळे? पण इंग्लंडच्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत जून 2020 मध्येच दिसले होते की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू या औषधाने कमी होतात, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. आधीपासून स्टेरॉइडवर असताना विषाणू येणे वेगळे, आणि विषाणूने फुफ्फुसात सूज आणल्यावर ठरावीक दिवस ते घेणे वेगळे. त्यांची साखर 400 च्या वर गेली, इन्सुलिन सुरू करावे लागले. त्या दिवसांत राज्यभर काळ्या बुरशीचे रुग्ण वाढत होते, त्यात साखर आणि स्टेरॉइड एकत्र आलेले पुष्कळ. म्हणून घरी आल्यावरही महिनाभर आम्ही रोज त्यांचे डोळे, नाक, टाळू पाहत होतो. सुखरूप आले, हे आपले पुण्य.

वहीत मी त्या दिवशी दोघांची नावे शेजारी लिहून बघितली. दुसऱ्या रकान्यात वर्षभर जे लिहिले होते, वय, साखर, जोडआजार, ते सगळे दिरांच्या नावापुढे बसत होते. मुलाच्या नावापुढे एक गोळी, आणि शांत ठेवलेला आजार. आम्ही नावाला घाबरत होतो. आयबीडी हे नाव मोठे वाटते, शुगर हे नाव घरातल्यासारखे वाटते, एवढाच काय तो फरक.

मुलाचे सगळे गोड झाले असे मात्र नाही. तीन आठवडे थांबवलेली गोळी पुन्हा सुरू केली, पण तिला अंगी लागायला दोन-तीन महिने लागतात. जूनमध्ये कोलायटिस भडकला. रक्त पडले, वजन सहा किलोने उतरले आणि ज्या प्रेडनिसोलोनला वर्षभर टाळले होते ते 40 मिलिग्रॅमपासून सुरू झाले. दर आठवड्याला 5 मिलिग्रॅम कमी करत उतरवायचे होते. हे औषध मनाने एकदम बंद करता येत नाही, शरीर स्वतःचे स्टेरॉइड करायचे विसरलेले असते. ते आठ आठवडे मला कोरोनाच्या चौदा दिवसांपेक्षा जड गेले, कारण तो आता खरोखरच त्या धोक्याच्या रांगेत होता आणि लस झालेली नव्हती.

लसीचे असे झाले होते. 1 मार्च 2021 पासून 60 च्या वरच्यांना आणि जोडआजार असलेल्या 45 ते 59 वयाच्यांना लस सुरू झाली. जोडआजारांच्या त्या सरकारी यादीत आयबीडीचे नाव नव्हते, पण दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, असे स्पष्ट कलम होते. यादीत याचे औषध बसत होते, पण वय बसत नव्हते! 1 मेपासून 18 वर्षांवरच्यांना सुरू झाली, तर लस पुरेना म्हणून राज्याने तरुणांचे लसीकरण मध्येच थांबवले. तोवर त्याला कोरोना होऊन गेलेला, म्हणजे नियमाप्रमाणे तीन महिने थांबायचे. जुलैच्या शेवटी त्याला पुण्यात तयार झालेली कोविशील्ड मिळाली. प्रेडनिसोलोन तेव्हा 5 मिलिग्रॅमवर आले होते.

लस घ्यावी की नाही यावरही घरात चर्चा झालीच. डॉक्टरांनी सांगितले, या लसींमध्ये जिवंत, वाढणारा विषाणू नाही, त्यामुळे दाबलेल्या प्रतिकारशक्तीतही ती घेता येते. प्रश्न असतो तो तिचा परिणाम पुरेसा होईल का, हा. इंग्लंडमध्ये क्लॅरिटी नावाच्या अभ्यासात इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या आयबीडीच्या रुग्णांमध्ये पहिल्या डोसनंतर अँटिबॉडी कमी तयार झाल्या, दुसऱ्या डोसनंतर बहुतेकांत चांगल्या झाल्या. त्यातली एक लस म्हणजे आपल्याकडची कोविशील्डच. म्हणून अशा रुग्णांनी दुसरा डोस चुकवू नये आणि एका डोसवर निर्धास्त होऊ नये.

पण दोन डोसांमध्ये 84 दिवस जायचे होते, आणि त्यातच ऑक्टोबर आला. सगळीकडे कोरोना संपल्यासारखे झाले होते. 4 ऑक्टोबरला राज्यातल्या शाळा उघडल्या, 7 तारखेला घटस्थापनेला मंदिरे उघडली. आणि आमच्या नगर जिल्ह्यात त्याच 4 तारखेपासून 13 पर्यंत 61 गावे बंद करावी लागली, कारण रुग्ण कमी होत नव्हते. पुण्याचे नातेवाईक विचारायचे, अजून मास्क कशाला? मी म्हणायचे, तुमच्याकडे कोरोना संपला असेल, आमच्याकडे अजून गावे बंद आहेत. महिनाअखेरीला त्याचा दुसरा डोस झाला, तेव्हा कुठे मी त्याला काउंटरवर जाऊ दिले. पुढे जानेवारी 2022 ची लाट आली, घरात पुन्हा सर्दी-ताप झाला, आणि त्याला दोन दिवसांच्या खोकल्यावर निभावले.

आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. पण विषाणू गेलेला नाही, साध्या तापासारखा येऊन जातो, आणि उद्या दुसरा कोणता येईल सांगता येत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी माझ्या वहीतले थोडे लिहून देते.

आजार शांत आहे म्हणून किंवा भीती वाटते म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ताप आला तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. महिन्याभराची औषधे नेहमी जास्तीची असू द्या. आमची 2020 मध्ये नगरहून दुधाच्या गाडीतून आली होती, तशी वेळ कोणावर न येवो. अझाथायोप्रिन चालू असेल तर रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करा. कोणतीही लस घेण्याआधी ती जिवंत विषाणूची आहे का, हे विचारा. काढा, चूर्ण, आसव, कोणी कितीही प्रेमाने दिले तरी आधी विचारा. घरातल्या शुगर-बीपीवाल्यांना विसरू नका. आणि पाहुणे असोत की प्रवास, त्या माणसाला संडास जवळ आणि मोकळा मिळेल एवढे न बोलता बघत जा. त्याला सारखे मागावे लागू नये.

वही अजून चालू आहे. या महिन्यात शौचाच्या रकान्यात रोज एक किंवा दोन लिहिले आहे. आमच्या घरात यापेक्षा चांगली बातमी नसते.

सगळ्यांनी तब्येत सांभाळा. जय जिनेंद्र.